घड्याळ थांबवू नका

मुलांनो, डिसेंबर महिना लागला की जळगाव-धुळ्याकडच्या शाळांमध्ये क्रीडामहोत्सवाची गडबड सुरू होते. आपल्या खानदेशातला उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. मार्च-एप्रिलमध्ये मैदानावर पाय ठेवण्याची सोय नसते. म्हणून सगळे खेळ थंडीतच उरकावे लागतात. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखल्या जातात. रंगीत झेंडे लागतात. शिट्टी वाजते आणि मुले वाऱ्यासारखी धावत सुटतात.

अशा वेळी तुमचे लक्ष कोठे असते? अर्थात, धावणाऱ्यांकडे. आज मात्र मी तुम्हांला मैदानाच्या कडेला पाहायला सांगणार आहे. तेथे झाडाच्या सावलीत एखादे मूल बसलेले असते. त्याच्यापुढे सगळ्यांच्या चपला, दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. "तू सामान सांभाळ हं," असे सांगून सोबती पळायला गेलेले असतात. त्या मुलाचे हातपाय इतरांसारखे चालत नाहीत. शर्यत आपल्यासाठी नाही हे त्याने मान्य केले आहे, असे आपण समजतो. पण त्याला कोणी विचारले होते का?

मी शिक्षिका आहे. मीसुद्धा विचारले नव्हते. म्हणूनच हा पाठ लिहायला बसले आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. जळगावला बी.एड. पूर्ण करून मी धुळ्यातील एका उर्दू शाळेत नुकतीच रुजू झाले होते. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. चालताना त्याच्या टाचा जमिनीला नीट टेकत नसत. गुडघे एकमेकांना घासत. बोलायलाही त्याला जरा वेळ लागे. पण गणितात तो हुशार होता. क्रिकेटमधल्या धावा आणि बळी यांचे आकडे तर त्याला तोंडपाठ होते. त्याला सेरेब्रल पाल्सी होती.

पहिल्या वर्षी क्रीडामहोत्सवात मी त्याच्या हाती वही आणि पेन दिले. निकाल लिहिण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. आपण त्याला सामील करून घेतले, असे मला वाटले. त्यानेही सगळे निकाल सुंदर अक्षरात लिहून दिले.

दुसऱ्या वर्षी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आपा, मलाही पळायचे आहे." त्याची दादी घाबरली. "पडला तर काय करायचे? लोक हसले तर?" असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिची समजूत काढली आणि त्याला १०० मीटरच्या शर्यतीत नवव्या वर्गातल्या सगळ्या मुलांबरोबर उभे केले. शिट्टी वाजली. पहिला मुलगा पोचला, दुसरा पोचला, तिसराही पोचला. हा मात्र अजून अर्ध्यावरही आला नव्हता. मग सगळी शाळा टाळ्या वाजवू लागली. तो शेवटच्या रेषेवर पोचला तेव्हा पाहुण्यांनी त्याला जवळ घेतले आणि एक पेन बक्षीस दिले. माझे डोळे भरून आले. किती चांगले झाले, असे मला वाटले.

शाळा सुटल्यावर तो माझ्यापाशी येऊन थांबला. त्याने एवढेच विचारले, "आपा, माझा टाइम किती आला?"

मी खेळाच्या सरांकडे गेले. ते सहज म्हणाले, "तिसरा नंबर आला की आम्ही घड्याळ बंद करतो."

मी परत येऊन त्याला तसे सांगितले. तो काही बोलला नाही. खिशातले ते बक्षिसाचे पेन त्याने काढले, पाहिले आणि पुन्हा ठेवून दिले. मान खाली घालून तो घरी गेला.

मुलांनो, त्या रात्री मला झोप आली नाही. आमची चूक कोठे झाली, ते हळूहळू माझ्या ध्यानात आले. आम्ही त्याला टाळ्या दिल्या, पण त्याचा वेळ मोजला नाही. टाळ्या दयेने वाजवता येतात. घड्याळाला मात्र दया नसते. ते फक्त खेळाडूसाठी चालते. त्याला खेळाडू व्हायचे होते आणि आम्ही त्याला बिचारा ठरवले होते.

आता ही सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय, ते समजून घेऊ. आपण चालतो, धावतो, लिहितो तेव्हा मेंदू स्नायूंना हुकूम देत असतो. बाळ आईच्या पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या लहान वयात त्याच्या वाढत्या मेंदूला इजा झाली, तर या हुकुमांत गोंधळ होतो. काही मुलांचे स्नायू सतत ताठ राहतात. काहींच्या हातापायांची हालचाल त्यांना नको असतानाही होते. काहींचा तोल सांभाळत नाही. कोणाच्या दोन्ही पायांवर परिणाम होतो, कोणाच्या शरीराच्या एकाच बाजूवर, तर कोणाच्या चारही हातापायांवर. हा संसर्गाने पसरणारा रोग नाही. जवळ बसल्याने, हात धरल्याने तो कोणाला होत नाही. मेंदूला झालेली ती इजा वयाबरोबर वाढतही नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोलायला किंवा चालायला वेळ लागतो म्हणून ते मूल मंदबुद्धीचे आहे, असे मुळीच समजू नये. ज्याचे शब्द उशिरा येतात, त्याचे विचार कदाचित आपल्यापेक्षा लवकर आलेले असतात.

अशा मुलांसाठी आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी काम सुरू झाले. १९७२ साली मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. त्यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी आहे. मालिनी पुढे खूप शिकल्या आणि त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर पुस्तकही लिहिले. शिक्षणाचे दार असे थोडे तरी उघडले. पण मैदानाचे दार?

मैदानाचे दारही उघडे आहे, पण आपल्याला त्याची खबर नाही. दिव्यांग खेळाडूंची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे पॅरालिम्पिक. पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा १९६० साली रोम येथे झाली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंना तेथे प्रवेश मिळायला मात्र आणखी वीस वर्षे लागली. १९८० साली नेदरलँड्समधील आर्नेम येथे ते प्रथम उतरले. म्हणजे मोठमोठ्या देशांतही या खेळाडूंना बरीच वर्षे कडेला बसावे लागले होते.

तुम्ही म्हणाल, "ज्याचे पाय ताठ आहेत तो आणि ज्याचा एकच हात कमजोर आहे तो, या दोघांची शर्यत बरोबरीची कशी होईल?" तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. मला सांगा, आपण पाचवीतल्या मुलाला दहावीतल्या मुलाबरोबर पळवतो का? जत्रेतल्या कुस्तीत सुद्धा जोड पाहूनच कुस्ती लावतात. तसेच येथे आहे. सेरेब्रल पाल्सी किंवा तशाच मेंदूच्या इजेमुळे ज्यांना स्नायूंवर पुरता ताबा ठेवता येत नाही, अशा खेळाडूंचे तज्ज्ञ लोक गट पाडतात. टी-३२ ते टी-३४ या गटांतील खेळाडू चाकांच्या खुर्चीवरून शर्यत करतात. टी-३५ ते टी-३८ या गटांतील खेळाडू पायांनी धावतात. ज्यांच्या मुख्यतः दोन्ही पायांत ताठपणा असतो, ते टी-३५ मध्ये. ज्यांच्या हालचाली ताब्यात राहत नाहीत किंवा तोल जातो, ते टी-३६ मध्ये. ज्यांची शरीराची एक बाजू कमजोर असते, ते टी-३७ मध्ये. ज्यांच्यावर सौम्य परिणाम असतो, ते टी-३८ मध्ये. मग जोडीला जोड मिळते आणि खरी शर्यत होते.

नियमही समजून-उमजून केलेले आहेत. या धावपटूंवर इतरांसारखे जमिनीवर हात टेकून, वाकून सुरुवात करण्याची सक्ती नसते. ते उभे राहूनही निघू शकतात. आपणही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अचानक मोठा आवाज झाला की सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांचे अंग दचकून ताठ होते. शर्यतीची सुरुवात तर मोठ्या आवाजानेच होते! विचार करा, ज्या आवाजाने इतर जण पुढे झेपावतात, त्याच आवाजाने याचे शरीर त्याला क्षणभर धरून ठेवते. त्या क्षणावर मात करायला तो महिनोन् महिने सराव करतो. हा सराव आपल्याला दिसत नाही. आपल्याला फक्त वाकडी चाल दिसते.

मी ज्या मुलाची गोष्ट सांगितली, त्याच्या शर्यतीनंतर थोड्याच काळाने, २०१८ साली, जकार्ता येथे आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या. तेथे टी-३५ गटात १०० मीटरच्या शर्यतीत भारताच्या नारायण ठाकूर याने सुवर्णपदक मिळवले. त्याची वेळ होती १४.०२ सेकंद. हा नारायण कोणी धनवानाचा मुलगा नव्हता. वडील लवकर वारल्यामुळे त्याचे बालपण दिल्लीतील अनाथाश्रमात गेले. पोटासाठी त्याने बसगाड्या धुतल्या, हॉटेलात पडेल ते काम केले.

पुढे २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये प्रीती पाल या मुलीने इतिहास घडवला. प्रीती उत्तर प्रदेशातील शेतकरी कुटुंबातली. जन्मल्यापासून तिचे पाय कमजोर होते. लहानपणी आठ वर्षे तिला पायांना कॅलिपर लावून वावरावे लागले. सतरा वर्षांची असताना तिने मोबाईलवर पॅरालिम्पिकची दृश्ये पाहिली आणि आपणही धावू शकतो, असे तिच्या मनाने घेतले. पुढे फातिमा खातून या दिव्यांग महिला खेळाडूची आणि तिची ओळख झाली. फातिमाने तिला या खेळाची वाट दाखवली. मग दिल्लीत प्रशिक्षक गजेंद्र सिंह यांच्याकडे तिचा सराव सुरू झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी टी-३५ गटाच्या १०० मीटर शर्यतीत तिने १४.२१ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. पॅरालिम्पिकमध्ये धावण्याच्या शर्यतीत भारताला मिळालेले ते पहिले पदक. दोनच दिवसांनी २०० मीटरमध्ये ३०.०१ सेकंदांत तिने दुसरे कांस्यपदक पटकावले. २०२५ साली नवी दिल्लीत जागतिक स्पर्धा भरली, तेथेही तिने पदके जिंकली.

या आकड्यांकडे जरा नीट पाहा. पॅरिसच्या त्या शर्यतीत चीनची झोऊ शिया १३.५८ सेकंदांत पहिली आली आणि तिची देशभगिनी गुओ छिआनछिआन १३.७४ सेकंदांत दुसरी. दुसरी आणि तिसरी यांच्यात अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर! तेथे कोणी म्हटले नाही, "बिचाऱ्या धावल्या, तेच पुष्कळ झाले." तेथे सेकंदाचा शंभरावा भागही मोजला गेला. आणि घड्याळ तिसऱ्या क्रमांकावर थांबले नाही. शेवटच्या धावपटूची वेळही लिहिली गेली. यालाच मी सन्मान म्हणते.

"हे सगळे दिल्ली-पॅरिसचे झाले, आपल्या भागात काय?" असे तुम्ही विचाराल. सांगते. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्यातला दिलीप गावित पाहा. लहानपणी त्याने एक हात गमावला. त्याला सेरेब्रल पाल्सी नाही, त्याचा गट वेगळा आहे. पण २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ४०० मीटरमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले आणि ते भारताचे त्या स्पर्धेतील शंभरावे पदक ठरले. नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव यांचे अपंगत्व मोठेपणी आलेले आहे. त्या बसून गोळा फेकतात. त्यांचा गट एफ-३४. सेरेब्रल पाल्सी असलेले खेळाडूही याच गटात येतात. त्यांनी हांगझोऊला रौप्यपदक मिळवले आणि पॅरिसच्या उद्घाटनाच्या दिवशी सुमित अंतिल याच्यासह भारताचा तिरंगा हाती धरला. आदिवासी पाड्यातून आणि मराठवाड्याच्या खेड्यातून जर खेळाडू निघतात, तर तापी-पांझरेच्या काठावरून का निघू नयेत?

यावर काही जण अडचणी सांगतात. त्या खोट्या नाहीत. त्यांचाही विचार केला पाहिजे.

पहिली अडचण दादीचीच आहे. पडला तर? हो, पडेल. तुम्हीही पडता, गुडघे फोडून घेता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळता. पण प्रत्येक मुलाची स्थिती सारखी नसते. म्हणून डॉक्टरांचा आणि व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा. मैदानावरचे खडे वेचावेत, शर्यत सकाळच्या गारव्यात ठेवावी. काळजी घेणे वेगळे आणि काळजीच्या नावाने कोंडून ठेवणे वेगळे.

दुसरी अडचण अशी की शाळेत असे मूल एकच असते. त्याची जोड कोठून आणायची? याला दोन उपाय आहेत. तालुक्यातल्या शाळांनी मिळून एकच शर्यत ठेवावी. मराठी, उर्दू, जिल्हा परिषदेच्या, खाजगी अशा सगळ्या शाळांची मुले एकत्र आली, तर जोड्या नक्की मिळतील. तोपर्यंत त्या मुलाने स्वतःच्याच मागच्या वेळेशी शर्यत करावी. कालच्या आपल्याला आज मागे टाकणे ही काही लहान शर्यत नाही.

तिसरी अडचण अधिक मोठी आहे. काही मुलांना आधाराशिवाय उभेही राहता येत नाही. त्यांचे काय? त्यांच्यासाठी डेन्मार्कमध्ये तीन चाकांची एक चौकट निघाली. तिच्यावर शरीर टेकवायचे आणि पायांनी जमीन मागे ढकलत पळायचे. तिला पायडल नसते. २०१९ साली दुबईच्या जागतिक स्पर्धेत या चौकटीवरची १०० मीटरची शर्यतही झाली. अशी चौकट आज आपल्या प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही, हे मला कळते. पण ती असते, हे जरी गावोगावी कळले, तरी कोणी ना कोणी ती बनवायला पुढे येईल. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही सांगतो की खेळात भाग घेणे हा त्यांचा हक्क आहे आणि तशी सोय करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. हक्क म्हणजे उपकार नव्हे.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले, ते ऐका. त्या झोप न आलेल्या रात्रीनंतर मी खेळाच्या सरांशी बोलले. त्यांनाही वाईट वाटले. माणूस भला होता, फक्त त्यांनी कधी तसा विचार केला नव्हता. आम्ही शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत ५० मीटरची एक रेषा आखली. आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर तो तेथे पळे आणि सर घड्याळ लावत. पहिल्या दिवशी त्याला २४ सेकंद लागले. त्याने स्वतःच्या वहीत तारीख आणि वेळ लिहिली. कधी वेळ कमी होई, कधी वाढे. वाढली की तो रुसे, पाय आपटे, घड्याळ चुकले असे म्हणे. खऱ्या खेळाडूंसारखाच! चार महिन्यांनी तो २१ सेकंदांवर आला. त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तेथे आम्ही तिघेच होतो. पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला. पेन बक्षीस मिळाले त्या दिवशी तो आनंद नव्हता.

तो पुढे मोठा धावपटू झाला नाही. प्रत्येक धावणारा पदक आणत नाही आणि आणायलाच हवे असेही नाही. आज तो धुळ्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. गेल्या वर्षी मी दुकानात गेले, तेव्हा त्याने खणातून ती वही काढून दाखवली. शेवटच्या पानावर लिहिले होते, "५० मीटर, २० सेकंद." वर्षानुवर्षे जपून ठेवावा, असा तो एक आकडा होता.

मुलांनो, तुम्ही म्हणाल की या बाबतीत आम्ही लहान मुले काय करणार? पुष्कळ करू शकता. वर्गातल्या अशा सोबत्याला त्याच्या चालीवरून नाव ठेवू नका आणि कोणी ठेवले तर गप्प बसू नका. त्याला सामान सांभाळायला बसवण्याआधी "तुला पळायचे आहे का?" असे विचारा. तो नाही म्हणाला, तर त्याचा नकारही माना. तो हो म्हणाला, तर तुमच्या सरांना, आपांना सांगा की यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत आणखी एक शर्यत हवी. आणि त्या शर्यतीत घड्याळ तुमच्या हाती आले, तर तिसऱ्या नंबरावर बोट दाबू नका. शेवटचा धावपटू रेषा ओलांडेपर्यंत ते चालू द्या.

मग त्याच्याजवळ जा. आधी त्याची वेळ सांगा. टाळ्या नंतर वाजवा.